भिंतीवरची सिस्टर

माझ्या सर्टिफिकेटला माझ्याआधी नोकरी लागली. ते जळगावच्या एका प्रसूतिगृहात डॉक्टरांच्या खुर्चीमागे काचेच्या फ्रेमीत मानानं लटकत होतं, आणि मी तिथून जवळच, नशिराबादला, फुईच्या गच्चीवर तिच्या कुरडयांवरचे कावळे हाकत बसले होते. फुई म्हणजे माझ्या वडलांची बहीण. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. आज हे मी हसत लिहिते आहे. त्या उन्हाळ्यात हसल्याचं काही आठवत नाही, आणि आजचं हसूसुद्धा अर्ध्यावर थांबतं, कारण या सगळ्यात शेवटी नुकसान कुणाचं झालं ते मला ठाऊक आहे.

नर्सिंग मी धुळ्याला केलं, तेही नानांच्या हट्टानं. नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव एरंडोलच्या अलीकडे, घरी कापूस आणि दादर ज्वारी. मी लहान असताना नाना टायफॉइडनं धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर पडून होते. तिथल्या एका सिस्टरनं त्यांना रोज रागावून रागावून औषध पाजलं आणि उभं केलं. घरी आल्यावर नानांनी जाहीर करून टाकलं, "मन्ही पोर सिस्टर व्हयी." नाना बोलायचे कमी, पण एकदा बोलले की तो विषय संपला. गावानं अर्थातच नावं ठेवली. ओट्यावर बसणारे एक म्हातारे आबा मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "नाना, पोरले बठ्ठास्नी घाण काढाले धाडशात का?" बठ्ठास्नी म्हणजे सगळ्यांची. त्यावर नाना चालता चालता म्हणायचे, "तुमनी बी काढी ती, आबा." पुढं खरंच त्या आबांच्या पायाची जखम मी दोन महिने धुतली. पण ते फार नंतर.

धुळ्याच्या आमच्या नर्सिंगच्या शाळेत रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी हात तपासले जात. व्हरांड्यात रांगेत उभं राहायचं, दोन्ही हात पुढे करायचे, आधी पालथे मग उताणे. आमच्या शिक्षिका, ज्यांना आम्ही नुसतं 'ट्यूटर' म्हणायचो, त्या रांगेतून सावकाश जायच्या. नखं वाढलेली दिसली तर परत पाठवायच्या. अंगठी, बांगडी, मेंदी, काहीही चालायचं नाही. आणि मग त्या प्रत्येकीच्या तळव्यावरून स्वतःचा अंगठा फिरवायच्या. लायसॉल आणि कार्बोलिक साबणानं आमचे हात फुटलेले असायचे, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या. ट्यूटरला तेच हवं असायचं. "हे हात काम करतात," एवढंच म्हणून त्या पुढे सरकायच्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून कौतुकाचं दुसरं वाक्य मी ऐकलं नाही. रात्री हॉस्टेलवर आम्ही त्या चिरांना खोबरेल लावायचो, एकमेकींच्या हातांची चेष्टा करायचो आणि पगार मिळायला लागल्यावर काय काय घ्यायचं याच्या गप्पा मारायचो. त्या गप्पांमध्ये नोकरी मिळेल की नाही असा प्रश्नच कधी निघाला नाही. नर्सला कुठे कमी आहे, असं सगळे म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

पास झालो आणि नेमणुकाच निघाल्या नाहीत. भरती बंद आहे, असं सांगण्यात आलं. केव्हा उघडेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं, कार्ड घेतलं, आणि मग आमच्या बॅचच्या सगळ्यांनी केलं तेच केलं: सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाईलीत घालून, ती मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, एस.टी.नं फिरायला लागले. धुळे, शिरपूर, जळगाव, भुसावळ. खाजगी दवाखान्यांत गेलं की पहिला प्रश्न अनुभवाचा. अनुभव नाही म्हटलं की, "मग आधी अनुभव घेऊन या." तो कुठून आणायचा ते कुणी सांगत नसे. एका डॉक्टरीण बाईंनी मला स्वयंपाक येतो का विचारलं आणि मी येतो म्हटल्यावर त्या खूश झाल्या. त्यांना दवाखाना आणि घर मिळून एकच बाई हवी होती. खरी गोष्ट अशी होती की बहुतेक ठिकाणी शिकलेल्या नर्सची गरजच नव्हती. सातवी-आठवी झालेली एखादी गरीब घरची मुलगी ठेवायची, तिला पांढरी साडी नेसवायची, सहा महिन्यांत इंजेक्शन द्यायला शिकवायचं. ती कमी घेते, जास्त राबते आणि उलट प्रश्न करत नाही. माझी हॉस्टेलची मैत्रीण कमल सुरतेला निघून गेली. तिनं पत्रात लिहिलं होतं, "इथेही तेच आहे, फक्त गुजरातीत."

घरी वर्ष होत आलं. गावात मला पाहिलं की बाया मायला विचारायच्या, "पोरनी नवकरी लागनी का?" आणि माय पदर सावरत म्हणायची, "लागी ना आते." स्थळं येत, नर्स म्हटल्यावर परत जात. रात्रीची ड्यूटी करणारी सून कुणालाच नको होती, मग तिला ड्यूटी असो वा नसो. शेवटी शिरपूरचं एक स्थळ आलं. बिजवर होता, दोन मुलं, कापडाचं दुकान. त्याला नर्सच हवी होती, कारण त्याची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. मध्यस्थानं हे इतक्या भोळेपणानं सांगितलं की माझा संताप त्याच्यावर काढावा की नाही ते मला कळेना. नानांनी तीन वर्षं गावाला तोंड दिलं होतं. आता त्यांचंच तोंड बंद झालं होतं. मायनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "आखाजीलोंग दखू. तव्हयलोंग नवकरी लागनी तं लागनी. नही लागनी तं शिरपूरवाला आखाजीना तिसरा दिन येवाव शेतस." म्हणजे आखाजीपर्यंत वाट बघायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी शिरपूरवाले येणार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली त्या दिवसांत माहेरी येतात, झोके खेळतात. मी अजून कुठेच गेले नव्हते आणि माझी तारीख ठरली होती.

दिवाळीनंतर जळगावच्या त्या प्रसूतिगृहात गेले तेव्हा डॉक्टरांनी माझी फाईल नीट वाचली. एवढ्या महिन्यांत फाईल वाचणारे ते पहिलेच. माणूस वाईट नव्हता, हे आजही म्हणेन. बायका त्यांच्या हाताला यश आहे म्हणून लांबून यायच्या. ते म्हणाले, "सिस्टर, कामाला माझ्याकडे बाई आहे. पण दवाखान्याच्या नोंदणीला रजिस्टर्ड नर्स दाखवावी लागते. तुमचं सर्टिफिकेट इथं राहू द्या. तुम्ही घरी राहा. तपासणी आली की निरोप धाडीन, त्या दिवशी येऊन उभ्या राहा. दोन वर्षांनी तुम्हाला अनुभवाचा दाखला देतो, माझ्या लेटरहेडवर." मी म्हटलं, "सर, मी कामही करीन. पगार नका देऊ." त्यांनी मान हलवली. "शिकलेल्या सिस्टर दोन दिवसांत मला शिकवायला लागतात," ते हसत म्हणाले. मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण मला तो दाखला दिसत होता, आणि त्याच्यामागे शिरपूरची ती खाट. मी सर्टिफिकेट दिलं. त्यांनी मला नेमणुकीचं पत्र दिलं.

ते पत्र नानांनी खिशात घालून गावभर फिरवलं. इंग्रजीत होतं, त्यांना वाचता येत नव्हतं, ओट्यावरच्या आबांनाही नाही. त्यामुळे ते जास्तच उठून दिसलं. मी घरी खरं सांगितलं नाही. पहिलं वर्ष शिकाऊ म्हणून पगार नसतो, असं सांगितलं. बिनपगारी नोकरी मायच्या हिशेबात बसेना, त्यामुळे शिरपूरवाल्यांना दिलेला दिवस तसाच राहिला. जळगावला रोज जायला सोयीचं म्हणून माझी रवानगी नशिराबादला फुईकडे झाली आणि तिच्या घरी माझ्याबरोबर नानांनी दादरचं एक पोतं धाडलं. फुई प्रेमळ आणि चौकस. ती माझ्या पांढऱ्या साडीला तांदळाच्या पेजेची खळ करायची, इस्त्रीवाल्याकडून घडी घालून आणायची, आणि पहाटे उठून कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात बांधून द्यायची. नोकरी नसलेल्या बाईला इतक्या कडक खळीची साडी कुणी नेसवली नसेल. मी टोपी पिशवीत घालून आठच्या बसनं जळगावला जायची, कारण घरी बसले असते तर फुईला काय सांगणार होते? फुई विचारायची, "तुन्हा डॉक्टर कसा शे वं? कव्हय सुट्टीच देत नही." म्हणून आठवड्यातून एक दिवस मी स्वतःलाच सुट्टी द्यायला लागले.

जळगावात दिवसभर करायचं काय हा मोठा प्रश्न असायचा. स्टेशनवर फार वेळ बसता येत नाही, लोक बघतात. मी सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात एका बाकावर बसायला लागले. तिथे पांढऱ्या साडीकडे कुणी वळून बघत नाही. पण खेड्यातून आलेली माणसं माझ्याजवळ यायची. "सिस्टर, फोटो कुठं काढतात?" "सिस्टर, हे औषध जेवणाआधी का मागून?" मी सांगायची. एकदा एका बाईनं तिचं तापलेलं मूल माझ्या मांडीवर दिलं आणि चिठ्ठी काढायला गेली. मी रुमाल ओला करून त्याचं कपाळ पुसत बसले. ते पाऊण तास मी खऱ्या अर्थानं नर्स होते, आणि मला इतकं बरं वाटलं की ती परत आल्यावर मूल तिच्या हातात द्यायला मी उगाच वेळ लावला. पुढच्या आठवड्यात तिथल्या एका सिस्टरनं विचारलं, "तुम्ही कोणत्या वॉर्डच्या?" मी काहीतरी पुटपुटून उठले आणि बरेच दिवस तिकडे फिरकले नाही.

मग मी दुपारी प्रसूतिगृहाच्या मागच्या दारी जायला लागले. तिथे इंदू असायची. डॉक्टरांनी 'कामाला बाई आहे' म्हटलं होतं ती हीच. वीस-एकवीस वर्षांची, सातवी झालेली, बाप नाही, घरी माय आणि दोन लहान बहिणी. दिवसाची ड्यूटी तिची, बहुतेक रात्रीची पण तिचीच. बेडपॅन, इंजेक्शन, बाळाची अंघोळ, लादी, सगळं ती करायची. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की तिचा राग येईल. माझी जागा तिनं अडवली होती. पण तिनं मला पाट दिला, चहा दिला आणि म्हणाली, "तुम्हीच का मंगलाताई? तुमनं नाव मी रोज लिखस." खरंच होतं ते. रजिस्टरमध्ये प्रत्येक बाळंतपणापुढे सिस्टरची सही लागायची, म्हणून डॉक्टरांनी तिला माझं नाव इंग्रजीत लिहायला शिकवलं होतं. तिला इंग्रजीत एवढंच येत होतं. तिनं मला कागदावर करून दाखवलं, एकेक अक्षर ओठ हलवत, आणि सही माझ्यापेक्षा सुरेख होती.

आमचं चांगलं जमलं. माझा डबा आम्ही दोघी वाटून खायचो. ती विचारायची, "ताई, वार लवकर पडत नही तं काय करतस?" आणि मी तिला धुळ्याला शिकलेलं सगळं सांगायची, अगदी पट्टी कशी धरायची इथपासून. उलट तीही मला शिकवायची, कारण मी पुस्तकातलं विसरत चालले होते. बाळ अंगावर पीत नसेल तर त्याच्या गालाला कसं बोट लावायचं ते मी पहिल्यांदा इंदूच्या हातात नीट पाहिलं. तिला वाटायचं मी फार मोठी आहे. मला वाटायचं ती आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही, त्याची खंत आहे.

आखाजी चार दिवसांवर आली. फुईच्या घरी मांडे भाजायचं मातीचं खापर काढून घासून ठेवलं होतं, मांड्यांसाठी गहू दळून आणले होते, पहिले आंबे गवताच्या माचीत पिकत होते आणि त्यांच्या वासानं माजघर भरलं होतं. फुईच्या सुनेनं संध्याकाळी मेंदी भिजवली आणि माझा हात ओढला. मी म्हटलं, नको, ड्यूटी असते. फुई म्हणाली, "आखाजीले पोरना हात कोरा ऱ्हातस का? तुन्हा डॉक्टर काय हात दखत बसस?" खरंच होतं, कोण बघणार होतं? परवा तर मी गावी जाणार होते. दोन्ही तळवे भरून मेंदी लावली, वरून लिंबू-साखर शिंपडली आणि हात उशीवर ठेवून झोपले. सकाळी धुतली तर जवळजवळ काळी रंगली होती. सून चेष्टेनं म्हणाली की शिरपूरवाला खूश होईल. मला ते झोंबलं, पण रंग खरोखरच सुंदर आला होता, आणि मी कितीतरी वेळ हातांकडे बघत बसले. तीन वर्षं नि वर दीड वर्ष, हातांना मेंदी लागली नव्हती.

त्या दिवशी मी स्वतःला सुट्टी दिली होती. नऊ वाजता शेजारच्या किराणा दुकानातून पोर निरोप घेऊन आलं. डॉक्टरांचा फोन होता. आज अकराला तपासणी.

मी साबणानं, मातीनं, राखेनं हात घासले. मेंदी अशानं जात नाही. बसमध्ये पदराखाली हात घेऊन बसले. मागच्या दारातून शिरले तर इंदू घामाघूम होऊन लेबर रूम पुसत होती. तिनं माझे हात पाहिले आणि तिचा चेहरा पडला. पण लगेच मला खाटांची माहिती पढवली: एक नंबरला काल रात्री मुलगी, दोन नंबर आज घरी जाईल, तीन नंबरचं बाळ कमी वजनाचं, अंगावर ओढत नाही, वाटी-चमच्यानं दूध चालू आहे. मी टोपी लावली, पिना टोचल्या. इंदूनं पांढरी साडी सोडून हिरवं लुगडं नेसलं होतं. आज ती फक्त आया होती. ती कोपऱ्यात बादली घेऊन उभी राहिली.

तपासणीला तिघं आले. एक वयस्क डॉक्टर, एक कारकून, आणि त्यांच्या मागून, चष्मा पुसत, ट्यूटर. त्यांची धुळ्याहून जळगावला बदली झाली होती आणि मला ते माहीत नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला. "मंगला, तू इथं आहेस होय. छान," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत जे मिळालं नाही ते कौतुक आज, इथे मिळावं! मी खाटांची माहिती धडाधड सांगितली. आमच्या डॉक्टरांच्या कपाळावरची आठी विरली. वयस्क डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, पानभर माझ्या सह्या. ट्यूटर ते बघून समाधानानं माझ्याकडे वळल्या आणि सवयीनं, अगदी त्या व्हरांड्यातल्यासारखं म्हणाल्या, "हात."

आणि मी दोन्ही हात पुढे केले. आधी पालथे, मग उताणे. आजही मला याचं नवल वाटतं. मी पदराखाली ठेवू शकले असते, काहीतरी सबब सांगू शकले असते. पण त्या शब्दाला माझे हात मला न विचारता पुढे गेले.

ट्यूटरनी चष्मा सावरून तळव्यांकडे पाहिलं. मग त्यांनी अंगठा फिरवला. एकही चीर नव्हती. मऊ, रंगलेले, माहेरवाशिणीचे हात. "लायसॉलमध्ये हात घालणाऱ्या बाईची मेंदी अशी राहत नाही," त्या हळू म्हणाल्या. "तू इथं काम करतेस?"

आमचे डॉक्टर म्हणाले, "बाई, सणाचं..." ट्यूटरनी त्यांना हातानंच थांबवलं. "मी तिला विचारतेय."

त्या क्षणी मी इंदूचा विचार केला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. केला नाही. नानांचा केला, शिरपूरचा केला, आणि सर्वात जास्त त्या अंगठ्याचा, जो अजून माझ्या तळव्यावर होता. मी म्हणाले, "नाही बाई. माझं फक्त सर्टिफिकेट आहे इथं."

पुढचं फार भराभर झालं. वयस्क डॉक्टरांनी फाईल मिटली. "मग ही कामं कोण करतं?" असं त्यांनी विचारल्यावर आमच्या डॉक्टरांनी एक क्षण इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं. "ही. चूक झाली साहेब. अनुभवानं शिकली आहे, म्हणून ठेवली होती. इंदू, तू उद्यापासून येऊ नकोस. उद्या कशाला, आत्ताच जा." त्यांना तपासणीवाल्यांसमोर काहीतरी ताबडतोब सुधारून दाखवायचं होतं, आणि हाताशी इंदू होती. तिनं बादली खाली ठेवली. ट्यूटर म्हणाल्या, "आधी हिचं सर्टिफिकेट काढून द्या." वॉर्डबॉयनं स्टूल आणलं. फ्रेम उघडली तेव्हा ओलीनं कागदाचा एक कोपरा काचेला चिकटला होता, तो तसाच फाटून काचेवर राहिला. माझ्या सर्टिफिकेटला अजूनही तो कोपरा नाही. ट्यूटरनी ते माझ्या हातात दिलं आणि त्या रजिस्टरकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या दारात इंदू तिची पिशवी भरत होती. मी तिच्यापाशी गेले. तीच म्हणाली, अगदी शांतपणे, "ताई, तुमना कागद तुमले भेटना." आणि पिशवी उचलत, "मन्हं काम गयं." तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी काही उत्तर तयार केलं असतं.

आखाजीला मी घरी गेले. मायनं मांडे केले होते, रस काढला होता, झोक्यावर माहेरी आलेल्या मुली होत्या. जेवणं झाल्यावर मी ओसरीवर नानांना सगळं सांगितलं. "मी बठ्ठा गावमा सांगी टाकं व्हतं," एवढंच ते म्हणाले. आणि उठून शेताकडे गेले, सणाच्या दिवशी, भर उन्हात. मी त्या दिवशी रडले ते शिरपूरच्या धास्तीनं नाही. नानांची पाठ बघून रडले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी सर्टिफिकेट मागितलं. फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. माय म्हणाली, फ्रेम करून लावा भिंतीवर. मी म्हटलं, "भिंतीवर नको, नाना." त्यांनी ते शेताच्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी शिरपूरची माणसं आली, त्यांना चहा दिला आणि नाना म्हणाले, "आमनी पोर नवकरी करी. लागी तव्हय लागी." ती लागायला आणखी दीड वर्ष गेलं. मिळाली तीही शिरपूरच्याच पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, एका उपकेंद्रात. त्या दीड वर्षात गावानं काय काय म्हटलं ते लिहिण्यात अर्थ नाही. नाना त्यानंतर ओट्यावर बसले नाहीत.

सण झाल्यावर मी इंदूला शोधायला जळगावला गेले. तिच्या घरी तिच्या मायनं मला आत बोलावलं नाही. दारातूनच सांगितलं की ती डाळ मिलमध्ये जाते. मी मिलच्या फाटकाशी उभी राहिले. दुपारच्या सुट्टीत बाया बाहेर आल्या, सगळ्यांच्या पापण्यांवर, केसांवर डाळीचा पिवळा भुसा. मी तिला ओळखलं नाही, तिनंच मला हाक मारली. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, की मला माफ कर, मी ट्यूटरना सांगून बघते, कुठे आयाची जागा असली तर. तिनं ऐकून घेतलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ताई, ती तीन नंबरवालीनं पोर दूध पेवाले लागनं का?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवशी सर्टिफिकेट छातीशी धरून बाहेर पडताना मी तीन नंबरच्या खाटेजवळूनच गेले होते.